राजापूरचे खासदार काय बोलले?

कुडाळच्या एसटी स्टँडाबाहेर चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राचं एक पान सकाळपासून हातोहात फिरत होतं. महाराष्ट्राच्या ४८ खासदारांचं प्रगतिपुस्तक त्यात छापलं होतं. हजेरी किती टक्के, प्रश्न किती, चर्चा किती, खासगी विधेयकं किती. एक रिक्षावाला बोट फिरवत आकडे मोठ्याने वाचत होता आणि बाकीचे चहा पीत ऐकत होते. बाकड्याच्या टोकाला एक निवृत्त गुरुजी बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "टक्के कळले रे. पण ते बोलले काय?"

टपरीवर कुणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'हिशेब' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोक्यात बचत गटांच्या वह्या आणि सोसायटीची खाती होती. गुरुजींच्या प्रश्नाने बेत बदलला. आपण मत देऊन दिल्लीला पाठवलेल्या माणसाच्या शब्दांचा हिशेब कोण ठेवतं, कसा ठेवतं, त्यात काय मावतं आणि काय निसटतं, हे पाहायला मी निघाले.

सुरुवात कुडाळातून व्हावी हे बरंच झालं. २००८ च्या फेररचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ तयार झाला. त्याआधी हा मुलूख 'राजापूर' मतदारसंघात होता. १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुकांत इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून गेले. त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून १९९१ पर्यंत प्राध्यापक मधु दंडवते. एका मतदारसंघाने लागोपाठ दोन पिढ्या असे खासदार पाठवले, ज्यांची ओळख आजही 'संसदपटू' हीच आहे. नाथ पै इथल्याच वेंगुर्ल्याचे. मालवणात त्यांच्या नावाचं सेवांगण आहे. त्यांचं नाव काढताच गुरुजी मालवणीत शिरले. "आमी तेवा पोरां. सगळा काय समाजत नसला, पण भाषण सोडून घराक जावचासा वाटत नसला."

दीडशे शब्दांचा प्रश्न

दिल्लीत नॉर्थ अव्हेन्यूवर महाराष्ट्रातल्या एका खासदारांची सदनिका आहे. दिवाणखान्यात दोन टेबलं, एक प्रिंटर, कोपऱ्यात सतत चालू असलेला टीव्ही आणि भिंतीवर अधिवेशनाचं वेळापत्रक. प्रश्न तयार करायचं काम पंचविशीतल्या एका मुलीकडे आहे. कायद्याची पदवी घेऊन ती थेट इथे आली. आपल्या खासदारांना संशोधनासाठी सरकारकडून स्वतंत्र पथक मिळत नाही. कार्यालय खर्चाच्या भत्त्यातून नेमलेला पीए, एखादी होतकरू सहायक आणि संसदेचं ग्रंथालय, एवढ्यावर सगळं चालतं.

तिच्या पुढ्यात कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं तीन पानी पत्र होतं. रात्री समुद्रात एलईडी दिव्यांचा झगमगाट करून मासळी गोळा करणाऱ्या मोठ्या नौका आणि सकाळी रिकामी ओढावी लागणारी रापण, असा त्याचा विषय. पत्रात संताप होता, कळवळा होता, एकदोन ठिकाणी शिव्याही होत्या.

"हे सगळं मला दीडशे शब्दांत बसवायचंय, आणि संताप न ठेवता," ती म्हणाली. लोकसभेच्या नियमावलीतला ४१ वा नियम तिला तोंडपाठ आहे. प्रश्नात युक्तिवाद चालत नाही, अनुमान चालत नाही, उपरोध चालत नाही, आरोप आणि विशेषणं चालत नाहीत. मंत्र्याचं मत विचारता येत नाही. शिवाय विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला हवा.

इथे खरी मेख होती. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय. पत्र जसंच्या तसं प्रश्नात उतरवलं असतं, तर 'राज्याचा विषय' म्हणून ते परत आलं असतं. तिने नकाशा उघडला, जुनी परिपत्रकं काढली. बारा मैलांपलीकडच्या भारतीय हद्दीत दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्रानेच २०१७ मध्ये बंदी घातली आहे. मग प्रश्न तिथे वळला. (क) या बंदीची अंमलबजावणी कोणती यंत्रणा करते. (ख) आजवर किती नौकांवर कारवाई झाली, राज्यवार तपशील काय. (ग) कारवाई झाली नसल्यास त्याची कारणं काय. तीन पानांचा आक्रोश तीन कलमांत आला. मला आधी वाईट वाटलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्या तीन पानांना मंत्रालय दोन ओळींची पोच देऊन मोकळं झालं असतं. या तीन कलमांना मात्र ठरलेल्या दिवशी सभागृहात उत्तर द्यावंच लागतं.

पण त्याआधी बरेच अडथळे आहेत. नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यायची. मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात, प्रत्येक गटाला आठवड्याचा एक वार. एका सदस्याचे एका दिवसाच्या यादीत जास्तीत जास्त पाच प्रश्न, त्यातला तारांकित एकच. नोटिसा शेकड्यांनी येतात म्हणून क्रम चिठ्ठ्यांच्या सोडतीने लागतो. दिवसाला तारांकित वीस आणि अतारांकित २३०. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या, ही लोकसभेची जुनी रीत.

तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतो आणि मग विचारणाऱ्याला दोन उपप्रश्न मिळतात. खरी परीक्षा तिथे असते. लेखी उत्तर अधिकाऱ्यांनी तयार केलेलं असतं. उपप्रश्न मात्र मंत्र्याला स्वतः झेलावा लागतो. पण तासाभरात वीसपैकी चार-सहा प्रश्नच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं लेखी होऊन पटलावर जातात. २००९ च्या नोव्हेंबरात एके दिवशी तर ज्यांचे प्रश्न लागले होते ते सदस्यच एकामागून एक गैरहजर निघाले आणि प्रश्नोत्तराचा तास वेळेआधी आटोपला.

वर्तमानपत्राच्या रकान्यात 'प्रश्न : इतके' असं जे छापलं जातं, त्यात हा सगळा माल एकत्र ओतलेला असतो. उत्तराच्या दिवशी सभागृहात न येताही अतारांकित प्रश्न विचारता येतो. एखाद्या चुणचुणीत सहायकाच्या जिवावर खासदाराचे शेकडो प्रश्न लागू शकतात. आणि पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांच्या मिळून अकरा सदस्यांची हकालपट्टी झाली, तेव्हा त्यांचे ते प्रश्नही आकड्यात मोजलेच गेले होते. म्हणून प्रश्न वाचायचा असतो. मच्छीमारांच्या पत्रातून आलेला प्रश्न कोणता आणि कुणाच्या तरी दुकानातून आलेला कोणता, हे त्याच्या शब्दांतच दिसतं.

तीन मिनिटं आणि घंटा

टीव्हीवर एका विधेयकाची चर्चा सुरू होती. त्या मुलीने आवाज वाढवला, कारण तिच्या खासदारांचं नाव पुकारलं होतं. ते उठले, दोन वाक्यं बोलले, तिसऱ्यात मूळ मुद्द्याशी आले आणि घंटा वाजली. आणखी एक वाक्य झालं, पुन्हा घंटा. माइक पुढच्या सदस्याकडे गेला. चार रात्री जागून केलेलं टिपण तिच्या मांडीवर होतं. त्यातला निम्मा भाग बोलायचा राहिला.

यात कुणाचा डाव नसतो. कोणत्या विषयाला किती तास, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ते तास पक्षांना संख्याबळानुसार वाटले जातात. मोठ्या पक्षाच्या वाट्याला तास येतो, पण तो कुणी वापरायचा हे पक्षाचे प्रतोद ठरवतात. लहान पक्षाचा खासदार दोन-तीन मिनिटांचा धनी. त्यामुळे मोठ्या पक्षाचा नवखा खासदार वर्षभर गप्प राहू शकतो आणि लहान पक्षाचा एकुलता एक खासदार प्रत्येक चर्चेत दिसू शकतो. 'चर्चा : इतक्या' या रकान्यात तीस मिनिटांचं भाषणही एक आणि तीन मिनिटांचंही एकच.

उरतात दोन खिडक्या. पहिली शून्य प्रहर. नियमावलीत हा शब्दच नाही. प्रश्नोत्तराचा तास संपल्यावर सदस्य हात वर करून बोलू लागले आणि साठच्या दशकात ती प्रथा पडली. आज त्यासाठीही नोटीस द्यावी लागते, सोडत निघते. पाणी, पीकविमा, रेल्वेचा थांबा, परदेशात अडकलेले कामगार हे विषय इथे येतात. दुसरी खिडकी नियम ३७७ ची. अडीचशे शब्दांचं निवेदन, आठवड्याला एक. टीव्हीवर ते क्वचितच दिसतं, बातमी तर जवळजवळ कधीच होत नाही. पण संबंधित मंत्रालयाने त्यावर लेखी उत्तर पाठवायचं असतं आणि ते उत्तर खासदाराच्या फायलीत कायमचं राहतं. मतदारसंघाचं नेटाने काम करणारे खासदार ३७७ सोडत नाहीत, असं त्या मुलीचं निरीक्षण होतं.

मी तिला मराठीबद्दल विचारलं. संविधानाच्या १२० व्या कलमानुसार हिंदी किंवा इंग्रजी येत नसेल तर अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. भाषांतराची सोय वाढत गेली आणि मराठी भाषणं आता नवलाची राहिली नाहीत. मात्र छापील वृत्तांतात त्या भाषणाला तारा लागतो, 'मूळ भाषण मराठीत' अशी टीप येते आणि पुढे भाषांतर असतं. आपल्या माणसाचा नेमका मराठी शब्द हवा असेल, तर चित्रफीतच ऐकावी लागते.

तारा, टिंबं आणि व्यवधान

हे सगळं लिहून घेणारी माणसं सभागृहाच्या मधोमध बसतात. अध्यक्षांच्या आसनासमोर महासचिवांचं टेबल असतं, त्याच्याशी हे वृत्तलेखक. दर काही मिनिटांनी पाळी बदलते. एकजण उठून जातो, दुसरा त्याच वाक्यापाशी कान लावतो. उठलेला माणूस आपला तुकडा उतरवून काढतो आणि सगळे तुकडे जोडून दिवसाचा वृत्तांत तयार होतो. ज्याचं त्याचं भाषण सदस्याकडे तपासायला जातं. ऐकण्यातली चूक, आकडा, नाव दुरुस्त करता येतं. न बोललेलं घालता येत नाही आणि बोललेलं काढता येत नाही.

काढण्याचा अधिकार अध्यक्षांचा. नियम ३८० नुसार असभ्य, बदनामीकारक किंवा असंसदीय वाटलेला शब्द कामकाजातून काढला जातो. त्या जागी तारा उमटतो, आणि तळटीप सांगते की अध्यक्षांच्या आदेशाने हा मजकूर वगळला आहे. गोंधळ झाला की कंसात एकच शब्द येतो : व्यवधान. तीन टिंबं आणि व्यवधान. पानंच्या पानं मी अशी पाहिली, ज्यांत बोललेलं चार ओळी आणि व्यवधान आठ वेळा.

हा वृत्तांत जनतेपर्यंत निर्भयपणे पोहोचावा, यासाठी एक कायदा लागला. तो सरकारने आणलेला नव्हता. फिरोज गांधी या खासदाराने खासगी विधेयक मांडून १९५६ मध्ये तो मंजूर करून घेतला. संसदेत जे बोललं गेलं ते प्रामाणिकपणे छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला भरता येऊ नये, एवढाच त्याचा मतलब. आणीबाणीत तो रद्द झाला, १९७७ मध्ये परत आला. आणीबाणीतल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही स्थगित होता. सत्तेला शब्दांचा हिशेब नको असतो तेव्हा ती आधी प्रश्न थांबवते आणि मग वृत्तांत. या दोन गोष्टींचं मोल त्यावरून कळतं.

आज हे सगळे वृत्तांत लोकसभेच्या डिजिटल ग्रंथालयात कुणालाही मोफत वाचायला ठेवलेले आहेत, पहिल्या लोकसभेच्या पहिल्या दिवसापासून. सदस्याचं नाव टाकायचं, पान उघडायचं. मी 'नाथ पै' टाकलं. पिवळट पडलेली, थोडी तिरकी स्कॅन झालेली पानं एकामागून एक येऊ लागली.

रकान्यात न मावणारा खासदार

प्रगतिपुस्तकाला मी दोष देणार नाही. २००५ मध्ये स्थापन झालेली पीआरएस ही संस्था खासदारांची हजेरी, प्रश्न, चर्चा आणि विधेयकं मांडून ठेवते. त्याआधी सामान्य माणसाला एवढंही कळत नव्हतं. निदान खासदाराला आता ठाऊक असतं, की कुणीतरी मोजतंय. अडचण होते ती मोजणीलाच मोल समजण्यात.

हजेरी घ्या. नोंद केली की हजेरी लागते, आणि त्याच नोंदीवर आता २,५०० रुपयांचा दैनिक भत्ता मिळतो. नोंद करून दहा मिनिटांत निघून गेलेला आणि रात्री उशिरापर्यंत बसून राहिलेला, दोघांची हजेरी सारखीच.

मतदान घ्या. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. 'हो'वाले ओरडतात, 'नाही'वाले ओरडतात, अध्यक्ष निर्णय देतात. कोण कुठल्या बाजूला होतं याची नोंदच होत नाही. कुणी मतविभागणी मागितली तरच नावानिशी मत नोंदलं जातं. तिथेही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा व्हिप असतो आणि तो मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं.

समित्या घ्या. मंत्रालयांवर नजर ठेवणाऱ्या २४ स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे पक्षाचा आवेश गळून पडतो आणि सचिवांना समोर बसवून अर्थसंकल्पाची उलटतपासणी होते. पण बैठका बंद दाराआड असतात. कोण अभ्यास करून आलं आणि कोण बिस्किटं खाऊन गेलं, हे आपल्याला कळत नाही. अहवालावर नाव सगळ्यांचंच.

आता हा तक्ता मधु दंडवते यांना लावून पाहू. मंत्री हजेरीच्या नोंदवहीत सही करत नाहीत आणि सरकारला प्रश्नही विचारत नाहीत. त्यामुळे अशा तक्त्यांत मंत्र्यांची ओळ कोरी असते. १९७७ ते १९७९ दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर तेव्हा देशातला बहुसंख्य प्रवासी रात्र काढायचा. त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायचा निर्णय त्यांनी घेतला. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस वर्गविरहित गाडी म्हणून धावली. आजही रात्रीच्या गाडीत स्लीपरच्या बर्थवर पाठ टेकवणारा प्रत्येकजण त्या निर्णयावर झोपतो. तक्त्यात मात्र त्या वर्षांसमोर कोरी जागा.

त्याच्याही मागे जाऊ. २६ जून १९७५ च्या सकाळी दंडवते बंगळुरात होते. पक्षांतरबंदीच्या विधेयकावरील संयुक्त समितीच्या कामासाठी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र यांच्यासह ते तिथे गेले होते. संसदेचं काम करायला गेलेल्या या चौघांना पोलिसांनी तिथेच अटक केली आणि तुरुंगात टाकलं. त्यानंतरच्या अधिवेशनांत राजापूरच्या खासदाराची हजेरी शून्य टक्के. मूळचे पुण्याचे आणि तेव्हा बिहारमधल्या बांका इथून निवडून आलेले मधु लिमये यांनी तर पुढचं पाऊल उचललं. पाच वर्षांची मुदत संपूनही लोकसभेचा काळ वाढवला गेला, तेव्हा तो जनतेचा कौल नाही म्हणून त्यांनी तुरुंगातून राजीनामा दिला. संसदेत नसणं हीच त्या दिवसांतली संसदेवरची निष्ठा होती. ही गोष्ट टक्केवारीला कशी सांगता येईल?

हरलेलं विधेयक

नाथ पैंच्या नावापुढे तक्त्यात काय आलं असतं? खासगी विधेयक मांडलं, मंजूर झालं नाही. बस.

ती गोष्ट अशी. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच असा निकाल दिला : मूलभूत हक्कांना धक्का लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. सरकार विचारात पडलं होतं. त्याच वर्षी ७ एप्रिलला प्रजा समाजवादी पक्षाच्या या विरोधी खासदाराने घटनादुरुस्ती विधेयक मांडलं. संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचा, म्हणजे पर्यायाने लोकांचा आहे, असा त्याचा गाभा.

खासगी विधेयकांना शुक्रवारी दुपारचे अडीच तास मिळतात. तोवर बरेच सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात. स्वातंत्र्यानंतर आजवर फक्त चौदा खासगी विधेयकं कायदा झाली आणि शेवटचं झालं १९७० मध्ये. नाथ पैंचं विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, चर्चा झाल्या, मंजूर झालं नाही. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली. त्यानंतर तीन आठवड्यांनी, १७ जानेवारीला, बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना वाहिलेल्या सभेत ते बोलले आणि त्याच रात्री हृदयविकाराने गेले. वय अवघं ४८.

पण विधेयक संपलं नाही. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने २४ वी घटनादुरुस्ती केली. संसदेला मूलभूत हक्कांसह संविधानाचा कोणताही भाग दुरुस्त करता येईल, ही तीच भूमिका होती. १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि त्याच वेळी संविधानाच्या मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही अशी मर्यादाही घातली.

नाथ पै बरोबर होते की नव्हते, यावर वाद होऊ शकतो. त्यांनी मागितलेला दुरुस्तीचा अधिकार आणीबाणीत ज्यांनी सढळ हाताने वापरला, त्यांनी त्यांच्याच समाजवादी परिवारातल्या माणसांना तुरुंगात डांबलं होतं. पण दिल्लीतल्या खोलीत ती जुनी पानं वाचताना मी वेगळ्याच गोष्टीने थांबले. सभागृहात त्यांना अडवणारे सदस्य आहेत, आडवे प्रश्न आहेत, आणि ते प्रत्येकाला उत्तर देतात. माणूस समोरच्याला पटवायला बोलतो आहे, हे पानावरही दिसतं. त्याच त्या वृत्तलेखकांच्या मेजावरून उतरलेली आजची पानं मी त्यांच्या शेजारी ठेवली. आजचं बोलणं बऱ्याचदा समोरच्याशी नसतं, मोबाइलवर तुकडा पाहणाऱ्या माणसाशी असतं.

वेळही आटला आहे. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या, सतराव्या लोकसभेच्या २७४. पटवायला वेळ लागतो, आणि तोच आपण कमी करत आणला.

आश्वासनांची वही

शब्दांचा हिशेब ठेवणारी एक जागा मात्र संसदेत आहे, आणि ती फारशी कुणाला माहीत नाही. मंत्री उत्तर देताना 'माहिती गोळा केली जात आहे', 'प्रस्ताव विचाराधीन आहे', 'मी यात लक्ष घालतो' असं म्हणतो. ऐकणाऱ्याला ती टाळाटाळ वाटते. पण संसदेत अशा ठराविक वाक्यांची यादीच आहे, आणि त्यातलं वाक्य तोंडून गेलं की ते 'आश्वासन' म्हणून वहीत चढतं. तीन महिन्यांत ते पुरं करायचं. नाही झालं तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते, कारण द्यावं लागतं. हे पाहणारी पंधरा सदस्यांची शासकीय आश्वासन समिती १९५३ पासून आहे.

तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर. घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंग्याचं, आणि अहमदाबादला जाण्याआधी लहानपणी ते शिकले ते राजापुरात. मंत्र्याच्या शब्दाला वहीत बांधणारी ही समिती राजापूरच्या शाळेत गेलेल्या माणसाच्या कारकिर्दीत सुरू झाली, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

या वहीचा उपयोग होतो तो पाठपुरावा करणाऱ्यालाच. नॉर्थ अव्हेन्यूवरच्या त्या मुलीकडे साध्या रेघी वहीत एक तक्ता आहे : प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्र्याचं वाक्य, आश्वासन पुरं झालं का. पुढच्या अधिवेशनातला प्रश्न ती त्या वाक्यातून काढते. "पहिला प्रश्न कुणीही विचारतं," ती म्हणाली. "चौथ्यांदा तोच प्रश्न विचारणारे खासदार मोजा." खासदाराची खरी मोजपट्टी मला या वाक्यात सापडली. आणि ही मोजपट्टी दिल्लीत बसून लावता येत नाही. आपला प्रश्न चौथ्यांदा विचारला गेला का, हे ज्याचा प्रश्न आहे त्यालाच ओळखता येतं.

विशेषणं खोडताना

परत आले ती कोकण रेल्वेने. कुडाळला उतरले तेव्हा पाऊस सरत आला होता. गुरुजींना निरोप दिला होता, त्यांनी गावच्या वाचनालयात आठ-दहा जण जमवले होते. दोन निवृत्त कर्मचारी, एक मच्छीमार, बारावीतल्या तीन मुली, आणि टपरीवर आकडे वाचणारा तो रिक्षावालाही. मी छापून आणलेली पानं टेबलावर मांडली. एका बाजूला नाथ पै आणि दंडवते, दुसऱ्या बाजूला आजचे. कुणाची बाजू घ्यायची नाही, फक्त वाचायचं, एवढंच ठरलं.

पहिला अर्धा तास कुणी बोललं नाही. मग मच्छीमाराने एका अतारांकित प्रश्नाच्या उत्तरावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या 'विवरण पटलावर ठेवले आहे' म्हणजे काय?" मी सांगितलं. त्याने ते विवरणही मागितलं. मोबाइलवर दोन मिनिटांत उघडलं. तो चष्मा वर करून बराच वेळ आकडे पाहत राहिला.

आपल्याकडे खासदाराचा हिशेब पाच वर्षांनी, तोही समाजमंदिर, पाखाडी आणि एसटीच्या निवारा शेडवर होतो. खासदार निधीच्या पाच कोटींतून झालेलं काम डोळ्यांना दिसतं, शब्द दिसत नाही. पण निवारा शेड ग्रामपंचायतही बांधू शकते. देशाच्या कायद्यावर बोलायला आणि मंत्र्याला प्रश्न विचारायला आपण एकच माणूस पाठवतो. नाथ पै आणि दंडवते कोकणाला नशिबाने मिळाले, असं मी आजवर समजत होते. वाचनालयातल्या त्या शांततेत वाटलं, की त्यांच्या समोर ऐकणारी माणसं होती, दिल्लीत काय बोललात हे विचारणारी होती. बोलणारा खासदार मतदारसंघच घडवतो, त्याला वाचून, त्याला विचारून.

"मग आपणच एक प्रश्न लिहून पाठवूया," बारावीतली एक मुलगी म्हणाली. विषयावर दहा मिनिटं वाद झाला आणि कोकण रेल्वेच्या दुपदरीकरणावर एकमत झालं. गुरुजींनी पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. पहिलं वाक्य झालं : 'कोकणी माणसाची वर्षानुवर्षं चाललेली संतापजनक उपेक्षा...' मी नियम ४१ सांगितला. गुरुजी क्षणभर थांबले, मग त्यांनी 'संतापजनक' खोडलं. मुलींनी 'उपेक्षा'ही खोडायला लावलं, कारण ते अनुमान होतं. रिक्षावाला म्हणाला, किती किलोमीटर एकेरी आहे ते नेमकं विचारा. ते (क) झालं. मच्छीमार म्हणाला, मागे कुणी विचारलंय का आणि काय सांगितलंय तेही बघा. ते (ख) झालं.

शेवटी एक मुलगी बोटाने शब्द मोजू लागली. एकशे बासष्ट झाले. गुरुजींनी पुन्हा पेन उघडलं आणि आणखी बारा शब्द कुठले कमी करायचे, हे सगळे मिळून पाहू लागले.